माऊस कुणाच्या हातात? गावात मुलींचा तंत्रवर्ग सुरू करताना

एका कॉम्प्युटरपुढे तीन-चार मुलं बसली की माऊस कुणाच्या हातात जातो, हे एकदा बाजूला उभं राहून बघा. माझ्या पहिल्या वर्गात चार कॉम्प्युटर होते, सहावी-सातवीतली चौदा मुलं-मुली होती आणि मी मोठ्या उत्साहानं शिकवत होते. दोन महिन्यांनी वह्या तपासायला घेतल्या. मुलींच्या वह्या बघत राहाव्यात अशा होत्या. प्रत्येक पायरी लिहिलेली, आकृत्यांना रंग, शीर्षकाखाली पट्टीनं मारलेली रेघ. सगळ्यांत सुबक वही जिची, तिला म्हटलं, आता हे करून दाखव. ती खुर्चीवर बसली, माऊस धरला आणि थांबली. म्हणाली, "ताई, मी लिहायचं काम करत होते. क्लिक तो करायचा."

दोन महिने हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मुलींना कुणी अडवलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. मुलगा पुढे सरकला, मुलगी मागे झाली, आणि मला वाटत राहिलं की वर्ग छान चाललाय. त्यानंतर मी रविवारी फक्त मुलींचा वर्ग सुरू केला. तो आजही चालतो, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात. ज्यांना आपल्या गावात, वाडीवर, सोसायटीत असं काही करावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यासाठी तुम्ही इंजिनिअर असायला हवं असं अजिबात नाही. मी गणित शिकवते. सोल्डर गन पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझं वय बेचाळीस होतं.

पहिली पायरी: घरोघरी जा

सामान नंतर. आधी घरी जायचं. मुलींच्या वर्गाचं खरं वेळापत्रक त्यांच्या घरात ठरतं. रविवार सकाळ आपल्याला मोकळी वाटते, पण त्याच वेळी धुणं असतं, पाणी येणार असतं, आई शेतावर गेली तर धाकटा भाऊ सांभाळायचा असतो. मी सुरुवातीला सकाळी दहाची वेळ ठेवली आणि निम्म्या मुली आल्याच नाहीत. मग प्रत्येकीच्या आईला विचारलं, तुमच्या सोयीनं कधी पाठवाल? उत्तर निघालं दुपारी तीन ते पाच. जेवणं झालेली, भांडी झालेली, दिवेलागणीला अजून वेळ. तेव्हापासून तीच वेळ आहे.

घरी जाल तेव्हा तंत्रज्ञान, प्रगती, एकविसावं शतक यातलं काही बोलू नका. आईवडिलांना चार गोष्टी हव्या असतात: तिथे मोठं माणूस कोण असणार, वर्ग किती वाजता सुटणार, येताना सोबत कोण, आणि पैसे किती. याची सरळ उत्तरं द्या. वर्गात कायम दोन मोठ्या बायका हव्यात, एकटीनं वर्ग घेऊ नका. जागा अशी निवडा की येणाऱ्या-जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसेल: वाचनालय, समाजमंदिर, शाळेचा रस्त्याकडचा वर्ग. तिथे स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का ते आधी तपासा. हे नसेल तर मुली पाळीच्या दिवसांत येत नाहीत, कारण सांगत नाहीत, आणि आपण समजतो की त्यांना गोडी नाही.

धाकट्या भावंडाला घेऊन आली तर येऊ द्या. कोपऱ्यात एक चटई आणि लाकडी ठोकळ्यांची पिशवी ठेवा. हा एक नियम सैल केला आणि माझ्याकडे तीन मुली टिकल्या.

वय पाचवी ते आठवीचं धरा. नववीत गेलं की दहावीची धास्ती घरात शिरते आणि रविवार क्लासवाल्यांचा होतो. संख्या दहा-बारापेक्षा जास्त नको. आणि मुलींना एकेकट्या बोलावू नका, मैत्रिणींच्या जोड्या बोलवा. एकटी आलेली मुलगी तिसऱ्या रविवारी गळते. जोडी आली तर दोघी एकमेकींना ओढून आणतात.

दुसरी पायरी: पेटी भरा

कॉम्प्युटर नसले तरी सुरुवात होते. माझं तर मत आहे की कॉम्प्युटर आधी नसलेलेच बरे. हाताला सवय व्हावी लागते ती वस्तू उघडण्याची, आणि ती भंगारात पडलेल्या मिक्सरवर जास्त चांगली होते.

तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा. एक स्क्रूड्रायव्हरचा संच, दोन पकडी, एक वायर सोलायचं कटर, एक साधा मल्टिमीटर (वीज तपासायचा मीटर), पन्नासेक एलईडी, बटन सेल, नऊ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या आणि त्यांच्या टोप्या, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक के चे (म्हणजे हजार ओहमचे) रेझिस्टर, जे वीज थोडी अडवतात, ३ ते २४ व्होल्टवर चालणारे छोटे बझर, दोन-तीन ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचून जोडायची भोकांची पट्टी). बारा मुलींचं हे सगळं साधारण अडीच-तीन हजारांत बसतं. मग भंगारवाल्याकडे जाऊन जुनी इस्त्री, टॉर्च, मिक्सर, रेडिओ, टेबलफॅन वजनावर आणा. आमचा भंगारवाला आता मला बघितलं की स्वतःच म्हणतो, मॅडम, एक मिक्सर ठेवलाय बाजूला.

मुलींचं म्हणून गुलाबी सामान आणू नका. सुतार, वायरमन, गवंडी जे वापरतात तेच आणा. फक्त मूठ हातात बसते का ते बघा. मोठ्या मुठीची पक्कड अकरा वर्षांच्या हातात वळत नाही आणि मग ती म्हणते, मला जमत नाही.

आता सुरक्षिततेचं. हे वाचून सोडून देऊ नका, वर्गाच्या भिंतीवर लावा. भंगारातून आणलेल्या प्रत्येक वस्तूची वायर प्लगपाशी कापून टाका, म्हणजे ती चुकूनही बोर्डात घातली जाणार नाही. जुना डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि यूपीएस उघडायचे नाहीत. त्यांच्या आत बंद केल्यावरही विजेचा साठा राहतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी हातातही घ्यायची नाही. बटन सेल वर्ग सुरू होताना मोजायचे आणि सुटताना पुन्हा मोजायचे, कारण चटईवर धाकटी भावंडं आहेत, आणि गिळलेला सेल अन्ननलिका आतून जाळतो. केस बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली.

तिसरी पायरी: पहिल्या दिवशी इस्त्री उघडा

पहिल्या दिवशी भाषण नको. "मुली कुठेच मागे नाहीत" हे वाक्य तर चुकूनही नको. मागे असण्याची कल्पना ज्या मुलीच्या डोक्यात नव्हती, तिच्या डोक्यात ती आपणच घालतो.

इस्त्री टेबलावर ठेवा, दोघींत एक. इस्त्रीच का? कारण ती त्यांच्या रोजच्या ओळखीची आहे. शाळेच्या गणवेशाला इस्त्री कोण करतं, विचारा. सगळे हात वर जातात. आता विचारा, इस्त्री तापली की लाल दिवा आपोआप विझतो, तो कोण विझवतं? आणि स्क्रूड्रायव्हर द्या.

पहिला स्क्रू निघायला वेळ लागतो. गंजलेला असतो. तोंड चिमटीत न धरता मूठ तळहातात दाबून फिरवायची, हे एकदा दाखवा आणि मागे व्हा. झाकण निघालं की आत एक बोटभर लांबीची पट्टी दिसते. नीट बघितलं तर ती दोन धातूंची असते, एकावर एक घट्ट बसवलेली. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त लांबतो आणि पट्टी वाकते. वाकली की शेजारचा खटका सुटतो आणि वीज तुटते. निवली की सरळ होते, पुन्हा वीज सुरू. डायल फिरवतो तेव्हा आपण पट्टीनं किती वाकायचं तेवढं ठरवत असतो.

हे सांगण्याऐवजी करून दाखवता येतं. पट्टी आणि डायल असलेला हा भाग, म्हणजे थर्मोस्टॅट, सोडवून घ्या, डायल सगळ्यांत कमीवर ठेवा, मल्टिमीटर बीप वाजणाऱ्या खुणेवर लावून त्याच्या दोन सळ्या दोन टोकांना धरा. विजेची वाट जोडलेली आहे तोवर बीप वाजत राहते. आता स्वयंपाकघरातल्या सांडशीत धरून पट्टी मेणबत्तीवर न्या. खोलीत सगळ्या गप्प होतात, नुसती बीप ऐकू येते, मेणाचा वास येतो, आणि मग टक् असा बारीक आवाज होऊन बीप थांबते. एका मुलीनं ते पहिल्यांदा ऐकलं आणि ओरडली, "तुटली! वीज तुटली!" पट्टी बाजूला घेतली. काही सेकंदांनी टक्, बीप परत. त्या दिवशी हे अकरा वेळा केलं गेलं, प्रत्येकीनं एकदा. पाच वाजून गेले तरी कुणी उठेना.

चौथी पायरी: टाकीचा बझर

दुसऱ्या रविवारी बटन सेल आणि एलईडी. लांब पाय धन बाजूला, आखूड ऋण बाजूला, उलटं लावलं तर दिवा लागत नाही पण बिघडतही नाही. अर्ध्या तासाचं काम. त्यातून "धन-ऋण चुकलं तर काय होईल" ही भीती जाते, एवढ्यासाठीच ते करायचं.

तिसऱ्या रविवारपासून मात्र अशी वस्तू करायला घ्या जी घरी नेऊन लावता येईल. माझा अनुभव असा की नुसता चमकणारा दिवा घरच्यांना खेळणं वाटतो. पाण्याची टाकी भरली की वाजणारा बझर बघून आजीसुद्धा विचारते, हे कुणी केलं? आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मोटर चालू करून माणूस विसरतं आणि टाकी वाहते. हा सगळ्या घरांचा प्रश्न आहे.

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बझरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला, काळी तार कलेक्टरला. बेसला एक के चा रेझिस्टर आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक लांब तार. दुसरी लांब तार थेट बॅटरीच्या धन टोकाला. या दोन लांब तारांची टोकं बोटाच्या पेराएवढी सोलायची आणि एकमेकींजवळ, पण चिकटणार नाहीत अशी, एका काडीला बांधायची. काडी टाकीच्या तोंडाशी. पाणी तिथवर चढलं की दोन टोकांच्या मधून अगदी थोडी वीज बेसपर्यंत पोहोचते. ती एकटी बझर वाजवायला पुरत नाही. पण ट्रान्झिस्टरला तेवढी खूण पुरते, तो कलेक्टरची मोठी वाट उघडतो आणि बझर वाजतो.

मी हे मुलींना पाटाच्या पाण्यावरून सांगते. दाराला हात लावायला जोर थोडाच लागतो, पण दार उघडल्यावर पाणी केवढं धावतं! शेतातल्या मुलींना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता खरी गंमत. एका पावसाळ्यात एकीनं बझरची काडी पागोळीखाली ठेवलेल्या बादलीत बुडवली आणि बझर नीट वाजेना, नुसता कुरकुरत राहिला. तिला वाटलं जोडणी चुकली. तिनं सगळं सोडवून परत जोडलं. पुन्हा तेच. काडी नळाच्या पाण्यात घातली तर खणखणीत. मी उत्तर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं पंधरा मिनिटं दोन भांडी पुढे ठेवून विचार केला, मग वाचनालयाशेजारच्या घरातून चिमूटभर मीठ आणलं आणि पावसाच्या पाण्यात टाकलं. बझर जोरात वाजला. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यांच्यामुळे वीज वाहते. पावसाच्या पाण्यात ते फार थोडे. हे पुस्तकात सगळ्यांच्याच आहे. तिनं ते शोधून काढलं. मिठाचीच आठवण तिला का झाली, विचारलं तर म्हणाली, "चव बघितली ताई. नळाचं मचूळ लागतं."

महिन्या-दोन महिन्यांनी तारांची टोकं हिरवी पडतात आणि बझर बंद होतो. तेव्हा तक्रार घेऊन आलेल्या मुलीला नवीन तार देऊ नका. टोक खरवडायला पॉलिश पेपर द्या. दुरुस्ती हा वर्गाचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

पाचवी पायरी: आपले हात मागे

मदतनिसांना सगळ्यांत अवघड जाते ती हीच पायरी. मुलगी अडली की आपला हात आपोआप पुढे जातो. "दे इकडे, मी करते" हे आपण प्रेमानं म्हणतो. तिला मात्र ऐकू येतं की हे तिच्याच्यानं होणार नाही. मी आमच्या सगळ्या मदतनिसांना, आणि स्वतःला, एक नियम घालून दिला आहे: मुलीच्या कामाला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. विचारायचं एवढंच: काय व्हायला हवं होतं? काय होतंय? कुठपर्यंत बरोबर आहे हे तुला कसं कळेल? तिसऱ्या प्रश्नाला निम्म्या वेळा तिचं तिलाच सापडतं. एकच अपवाद, धोका असेल तर लगेच हात घाला.

शाबासकीचंही तसंच. "किती हुशार आहेस!" म्हटलं की पुढच्या वेळी चुकायला ती घाबरते. त्याऐवजी जे केलं ते नाव घेऊन सांगा: तू आधी बॅटरी तपासलीस, मग तार बघितलीस, हे चांगलं केलंस.

आणखी एक गोष्ट लवकर लक्षात घ्या. दोन-तीन मुली अशा येतील ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे, दादा इंजिनिअरिंगला आहे. त्या पटापट उत्तरं देतात आणि बाकीच्या गप्प होतात. त्यांना वेगळं, जास्त अवघड काम द्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजात २००६ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्के होत्या. पुढच्या पाच-सहा वर्षांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात गेलं. त्यांनी केलेल्या बदलांतला एक अगदी साधा होता. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांची आणि पहिल्यांदाच करणाऱ्यांची तुकडी वेगळी केली. आपल्या बारा मुलींच्या वर्गात याचा अर्थ एवढाच की दोन चटया घालायच्या.

सहावी पायरी: मग कॉम्प्युटर

तीन-चार महिन्यांनी कॉम्प्युटर आणा. जुने चालतात. तालुक्याच्या पतसंस्थेत, एखाद्या ओळखीच्या ऑफिसात बदललेले लॅपटॉप पडून असतात, पत्र लिहून मागा. दोघींना एक कॉम्प्युटर आणि टेबलावर घड्याळ: दर दहा मिनिटांनी माऊस बदलायचा. मुलींमुलींतही एक पुढे सरकते आणि दुसरी वही उघडते, म्हणून हे घड्याळ लागतंच.

सुरुवात स्क्रॅचनं करा. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली ही फुकट प्रणाली आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम लिहायचा. इंटरनेट नसेल तर तालुक्याला डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर आणा आणि टाका. टायपिंगची अडचण येत नाही.

मी रांगोळीपासून सुरू करते. याबद्दल मला आधी खात्री नव्हती. मुलींना रांगोळीच द्यायची म्हणजे पुन्हा त्यांना तिथेच बसवणं नाही का? पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला पुनरावृत्ती, कोन आणि सममिती आधीच हाताला ठाऊक असते, तिला फक्त त्यांची नावं ठाऊक नसतात. पेनचे ठोकळे जोडा. १०० पावलं चाल, ९० अंश वळ, हे चारदा कर: चौकोन. आता प्रत्येक चौकोनानंतर १० अंश वळ आणि हे सगळं ३६ वेळा कर: कमळासारखी गोल आकृती. पडद्यावर ती एकेक रेघ ओढत भरत जाते तेव्हा चेहरे बघा.

एकीनं ९० च्या जागी चुकून ८९ टाकलं. चौकोन मिटेना, दर वेळी किंचित सरकत गेला. ती खोडायला निघाली होती. शेजारची म्हणाली, थांब, होऊ दे. पुनरावृत्तीचा आकडा वाढवत वाढवत त्यांनी ३६० केला आणि चौकोनांची अशी सुंदर चक्री तयार झाली की त्या वर्षी सगळ्या वर्गाच्या वहीवर तीच चक्री होती. मग प्रश्न आला, ८८ केलं तर? ९१? पुढचे दोन रविवार मी शिकवलंच नाही.

त्यानंतर विषय त्यांचे त्यांना निवडू द्या. कुणी कबड्डीचा गुणफलक केला, कुणी आईच्या बचतगटाच्या हप्त्यांचा हिशोब केला, कुणी मांजर उंदीर पकडतं असा खेळ केला ज्यात उंदीर कधीच सापडत नाही.

मोबाइलबद्दल एक महत्त्वाचं. मुलींना इंटरनेट शिकवताना घरच्यांसोबत एक बैठक घ्या आणि एक कबुली घ्या: मुलीला ऑनलाइन कुणी त्रास दिला आणि तिनं येऊन सांगितलं, तर तिचा मोबाइल आणि तिचा वर्ग बंद होणार नाही. ही कबुली नसेल तर मुली गप्प राहतात, कारण सांगितलं तर शिक्षा त्यांनाच होते. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आणि लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन क्रमांक प्रत्येकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

सातवी पायरी: गावाला दाखवा

वर्षातून एकदा मुलींचं काम मांडा. आम्ही ३ जानेवारी निवडला. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म १८३१ साली याच दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावचा. पाहुण्यांना बोलावलं, पण खुर्च्या मुलींच्या टेबलांसमोर मांडल्या, व्यासपीठ नाही. हारतुरे नाहीत. प्रत्येक मुलगी आपल्या वस्तूमागे उभी राहते आणि येईल त्याला सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही एकदा असंच केलं. वाण म्हणून मुलींनी जोडलेला बटन सेलचा छोटा दिवा दिला. बायकांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि मुलींना प्रश्न विचारले. सेल सुटा होणार नाही असा चिकटपट्टीनं पक्का बांधलेला असावा, हे सांगायला विसरू नका.

ज्या बायका हे काम रोज करतात त्यांना वर्गात बोलवा. मोठ्या कंपनीतली साहेबीण मिळाली तर उत्तम, पण आमच्याकडे सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले गेले ते विजेच्या खांबावर चढणाऱ्या एका ताईंना. पट्टा कसा बांधता? पावसात भीती वाटते का? पहिल्या दिवशी लोक काय म्हणाले? जवळच्या आयटीआयमधल्या मुली, रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या ताई, मोबाइल दुरुस्त करणारी कुणी, यांना आणा. गोष्टीच सांगायच्या असतील तर ए. ललिता यांची सांगा. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी. मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन त्या बाहेर पडल्या आणि भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात त्यांचा वाटा होता. ही गोष्ट आयांनी ऐकली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही.

जमेल तेव्हा सहल काढा. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. तिथे मुलं-मुली वेल्डिंग, वायरिंग, शेती, सगळं हातानं करत शिकतात, आणि २००२ साली एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, तिथे उभी राहिली. वेल्डिंग करणारी मुलगी एकदा प्रत्यक्ष बघितली की पुढचं बोलणं सोपं होतं. पैसे नसतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी आणि मराठी पुस्तकं फुकट आहेत. तुमच्या आसपासच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू करून बघायची प्रयोगशाळा, आहे का तेही विचारा. नीती आयोगाच्या योजनेतून २० लाखांपर्यंत अनुदान मिळून या लॅब उभ्या राहिल्या आहेत. मी गेले त्या एका शाळेत थ्रीडी प्रिंटर होता, पण त्याच्यावरचं वेष्टणाचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बिघडेल म्हणून कुलूप. मी चार वेळा जाऊन बसले, पाचव्या वेळी किल्ली मिळाली. तुम्हालाही बसावं लागेल, बसा.

आठवी पायरी: दहावीच्या आधीच कागद गोळा करा

गोडी लागलेली मुलगी पैशाअभावी किंवा एका दाखल्याअभावी थांबते, हे मी पाहिलं आहे आणि ते फार लागतं. म्हणून आठवी-नववीतच आयांना वाटा सांगून ठेवा. दहावीनंतर आयटीआय. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, त्यातून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. किंवा अकरावी-बारावी शास्त्र. शास्त्र घेताना गणित सोडू देऊ नका. "मुलीला गणित कशाला, बायो घे" हा सल्ला गावात फुकट मिळतो आणि इंजिनिअरिंगचं दार तिथेच बंद होतं.

पैशांची दोन कामं पक्की लक्षात ठेवा. राज्यात २०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. दुसरं, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. डिग्री किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा तीच, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेअर, आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खाते. शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. एका मुलीच्या वडिलांच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला आम्हाला अडीच महिने लागले. जूनमध्ये तहसील कचेरीत रांगा असतात, म्हणून एप्रिलच्या आत.

आणि दुसऱ्या वर्षी

काही मुली येणं थांबवतील. गेल्या रविवारी आली नाही तर सोमवारी घरी जा, रागावून नाही, नुसतं विचारायला. बहुतेक वेळा कारण लहान असतं आणि आपण गेल्यानं सुटतं.

ज्या टिकतील त्यांना दुसऱ्या वर्षी पाचवीच्या नव्या मुली द्या. दोघींमागे एक मोठी. त्यांनाही तोच नियम, हात लावायचा नाही. आमची सातवीतली जी पावसाच्या पाण्यात मीठ घालणारी, ती आता आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्यासमोर पाचवीतली एक चिमुरडी ट्रान्झिस्टर उलटा लावत होती. सपाट बाजू पलीकडे. मोठीला ते दिसत होतं, तिचे हात शिवशिवत होते. तिनं कमरेची ओढणी सोडवली, दोन्ही हात तिच्यात गुंडाळून घेतले आणि विचारलं, "कुठपर्यंत बरोबर आहे हे तुला कसं कळेल?"